फुंकर, लाल दिवा आणि कुलूप : व्हिडिओ गेम टीव्हीला जोडण्याची कहाणी

१/
कार्ट्रिज बाहेर काढायचे, त्याच्या उघड्या कडेवर जोरात फुंकर मारायची, पुन्हा आत सारायचे आणि बटण दाबायचे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील असंख्य मुलांनी हा विधी नित्यनेमाने केला. समोरच्या राखाडी खोक्यावरचा लाल दिवा सेकंदागणिक उघडझाप करीत असे आणि दोन-तीन फुंकरांनंतर तो बहुधा स्थिरावत असे. दोष धुळीचा आहे, असे सर्वांनी गृहीत धरले. वस्तुतः धूळ हे फार तर निमित्त होते. त्या लुकलुकण्यामागे एक बुडालेली बाजारपेठ होती, व्हीसीआरचे सोंग घेतलेले एक यंत्र होते आणि एक कुलूप होते.

२/
या कहाणीचा आरंभ मात्र कार्ट्रिजपासून होत नाही, टीव्हीच्या पाठीपासून होतो. १९६०च्या दशकातील टीव्हीला बाहेरून चित्र आत घेण्यासाठी एकच दार होते, ते म्हणजे अँटेनाचे. दोन स्क्रू, त्यांना पिळून बसवलेली चपटी दुहेरी वायर आणि त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला छपरावरचा अँटेना. आजच्यासारखी रंगीत भोकांची रांग नव्हती. तेव्हा एखाद्या यंत्राला घरच्या टीव्हीवर चित्र उमटवायचे असेल, तर त्याला एकच मार्ग होता : आपण स्वतःच एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र आहोत, असे त्या टीव्हीला भासवायचे.

३/
हे ओळखणारा माणूस होता राल्फ बेअर. १९२२ साली जर्मनीत जन्मलेला हा ज्यू मुलगा नाझी राजवटीमुळे १९३८ साली कुटुंबासह अमेरिकेत आला. पुढे तो सँडर्स असोसिएट्स या संरक्षणसामग्री बनवणाऱ्या कंपनीत अभियंता झाला. १९६६च्या ऑगस्टअखेर न्यूयॉर्कच्या एका बस स्थानकावर सहकाऱ्याची वाट पाहत असताना त्याने टीव्हीवर खेळ खेळण्याची कल्पना टिपून ठेवली आणि १ सप्टेंबरला तिचा चार पानी आराखडा लिहून काढला. त्या आराखड्यात त्याने या काल्पनिक चॅनलला ‘एल. पी.’ असे नाव दिले, ‘लेट्स प्ले’ची आद्याक्षरे. नावातच सारे आले : खेळ हा त्याच्या लेखी आणखी एक चॅनल होता.

४/
१९६८ पर्यंत बेअर, बिल हॅरिसन आणि बिल रश यांनी लाकडी नक्षीचा कागद चिकटवलेले एक खोके तयार केले. ते ‘ब्राउन बॉक्स’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातूनच १९७२ साली ‘मॅग्नावॉक्स ओडिसी’ हा घरगुती वापराचा पहिला व्हिडिओ गेम कन्सोल बाजारात आला. त्यात आवाज नव्हता, गुण मोजण्याची सोय नव्हती. पडद्यावर काही ठिपके आणि एक रेघ एवढेच दिसे. मैदान, चक्रव्यूह किंवा भुताचे घर हवे असेल, तर रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा टीव्हीच्या काचेवर चिकटवावा लागे. यंत्र सहा बॅटऱ्यांवर चाले.

५/
हे चित्र टीव्हीच्या कोणत्या चॅनलवर सोडायचे? उत्तर होते ३ किंवा ४, आणि त्यामागचा विचार मोठा मार्मिक आहे. शेजारशेजारचे चॅनल एकमेकांत मिसळू नयेत म्हणून अमेरिकेत एका शहरात सहसा लगतचे दोन चॅनल दिले जात नसत. न्यूयॉर्कमध्ये ४ वर केंद्र होते, म्हणून तिथे ३ मोकळा. फिलाडेल्फियात ३ वर केंद्र होते, म्हणून तिथे ४ मोकळा. देशात कुठेही गेले तरी या दोहोंपैकी एक रिकामा सापडणारच. कन्सोलच्या पाठीवरचे ते इवलेसे सरकते बटण म्हणजे या सरकारी वाटपाचीच सावली होती. पुढे कित्येक वर्षे अमेरिकन मुले ‘टीव्ही तीनवर लाव’ असे म्हणत राहिली, पण तीनच का, हा प्रश्न बहुधा कोणाला पडला नसावा.

६/
दुसरी अडचण अधिक गंभीर होती. टीव्हीचा अँटेना जसा लहरी पकडतो तसाच तो त्या सोडूही शकतो. कन्सोलचे संकेत उलट्या वाटेने छपरावर पोहोचले असते, तर शेजाऱ्याच्या बातम्यांत तुमच्या घरातील टेनिसचा चेंडू उड्या मारताना दिसला असता. म्हणून अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने कडक नियम केले आणि प्रत्येक कन्सोलसोबत एक छोटी डबी येऊ लागली. तिच्यावर दोनच शब्द असत : ‘टीव्ही’ आणि ‘गेम’. बटण ‘गेम’कडे सरकवले की अँटेना पूर्णपणे तुटे. याच नियमांच्या धाकाने अटारीने १९७७च्या आपल्या पहिल्या कार्ट्रिज कन्सोलच्या पोटात ॲल्युमिनियमचे जाड कवच घातले होते. ती यंत्रे हातात घेतल्यावर जड का लागतात, याचे उत्तर खेळात नाही, शेजारधर्मात आहे.

७/
त्या काळातील बहुतेक ‘बिघाड’ हे बिघाड नव्हतेच. डबीवरचे बटण ‘टीव्ही’कडे राहिलेले असे, चॅनल चुकलेला असे, स्क्रूखालची तार निसटलेली असे, किंवा टीव्हीची बारीक जुळणी थोडी सरकलेली असे. एक बिघाड तर निव्वळ मनातला होता. ओडिसी फक्त मॅग्नावॉक्सच्याच टीव्हीवर चालतो, असा समज ग्राहकांत पसरला होता आणि त्याचा विक्रीला फटका बसल्याचे मानले जाते. वास्तविक तो कोणत्याही टीव्हीला जोडता येत होता.

८/
देश बदलला की सारे हिशेब बदलत. जपानी कन्सोल १ किंवा २ चॅनल वापरत, ब्रिटनमधले ३६. भारताने पॅल पद्धत स्वीकारली होती. तिच्यात ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० अर्धचित्रे असतात, तर अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत ५२५ रेषा आणि ६० अर्धचित्रे. अमेरिकेतून एखाद्या नातेवाइकाने हौसेने आणलेला कन्सोल मुंबईच्या किंवा पुण्याच्या टीव्हीला जोडला, तर चित्र वरखाली लोळू लागे. मागची खुंटी पिळून ते स्थिर केले, तरी रंग येत नसे. आवाजाच्या जागी नुसती खरखर ऐकू येई, कारण चित्र आणि ध्वनी यांच्या लहरींतील अंतरही दोन पद्धतींत वेगळे : तिकडे ४.५ मेगाहर्ट्झ, इकडे ५.५. हे सगळे, अर्थात, तिकडचा १२० व्होल्टचा अडॅप्टर इकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावून आधीच जाळला नसेल तर.

९/
आता कार्ट्रिजकडे येऊ. १९७६ साली फेअरचाइल्ड कंपनीने ‘चॅनल एफ’ हा कन्सोल आणला. खेळ असलेली चिप प्लॅस्टिकच्या पेटीत घालून ती हवी तेव्हा बदलता येईल, अशी सोय असलेला हा पहिला कन्सोल होय. मूळ कल्पना अल्पेक्स कंपनीच्या वॉलेस कर्श्नर आणि लॉरेन्स हॅस्केल यांची, पण ती बाजारात नेणाऱ्या चमूचे नेतृत्व जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अभियंत्याने केले. त्या क्षेत्रात तेव्हा कृष्णवर्णीय अभियंते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. चमूपुढचा प्रश्न अगदी घरगुती होता : शेकडो वेळा घातली-काढली तरी झिजणार नाही आणि मुलाच्या बोटातील स्थिर विजेने आतली चिप जळणार नाही, अशी जोडणी करायची कशी? हा प्रश्न लक्षात ठेवावा. नऊ वर्षांनी एका मोठ्या कंपनीने त्याचे उत्तर चुकवले.

१०/
कार्ट्रिजने यंत्र आणि खेळ यांची फारकत केली. मग यंत्र एकाने बनवावे आणि खेळ दुसऱ्याने विकावा, हे शक्य झाले. १९७९ साली अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी ॲक्टिव्हिजन स्थापन केली. अटारी न्यायालयात गेली, १९८२ साली तडजोड झाली आणि दार सताड उघडले. अटारीच्या यंत्रात त्या दाराला कडीच नव्हती. कोणीही यावे आणि खेळ विकावा. चांगल्या खेळांमागून सुमार खेळांचा लोंढा आला, दुकानांची फळ्या भरल्या आणि ग्राहक विटला.

११/
१९८३ साली अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमची उलाढाल सुमारे ३२० कोटी डॉलर होती. १९८५ पर्यंत ती सुमारे १० कोटींवर आली. अटारीने न विकलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचराभूमीत पुरला. ही गोष्ट अनेक वर्षे दंतकथा समजली जाई, पण २०१४ साली उत्खनन झाले आणि कार्ट्रिज खरोखरच बाहेर निघाली. खेळण्यांच्या दुकानदारांना ‘व्हिडिओ गेम’ हा शब्दही नकोसा झाला.

१२/
त्याच सुमारास, १५ जुलै १९८३ रोजी, जपानमध्ये निन्टेन्डोने ‘फॅमिली कॉम्प्युटर’ म्हणजेच ‘फॅमिकॉम’ विक्रीस आणला. मासायुकी उएमुरा यांनी घडवलेले हे लाल-पांढरे यंत्र. त्यात कार्ट्रिज वरून सरळ खाली बसे आणि सॉकेटच्या पिना ते घट्ट धरून ठेवत. साधी आणि भक्कम जोडणी. फॅमिकॉमने जपान जिंकला. पण अमेरिकेत त्याच रूपात तो नेणे म्हणजे दुकानदाराने दारातूनच हाकलून देण्यासारखे होते.

१३/
म्हणून वेषांतर झाले. लान्स बार या डिझायनरने यंत्राला राखाडी, चौकोनी, गंभीर रूप दिले. नावातून ‘गेम’ गेला आणि ‘निन्टेन्डो एंटरटेनमेंट सिस्टिम’ हे नाव आले. कन्सोलला ‘कंट्रोल डेक’ म्हटले गेले, कार्ट्रिजला ‘गेम पॅक’. सोबत खेळण्याचा एक यंत्रमानव दिला, जेणेकरून दुकानदाराने त्याला खेळण्यांच्या फळीवर जागा द्यावी. १९८५च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क परिसरात पहिली विक्री झाली, तीही न विकलेला माल परत घेण्याच्या हमीवर. आणि या वेषांतराचा सर्वांत महाग पडलेला भाग म्हणजे पुढचे झडपेचे दार. त्या काळी व्हीसीआर प्रतिष्ठेची वस्तू होती. त्यात टेप जशी समोरून आत जाई, तसेच कार्ट्रिजही समोरून आत जावे, असे ठरले.

१४/
समोरून सारून मग खाली दाबायची ही रचना अभियांत्रिकीच्या भाषेत ‘शून्य बलाची’ जोडणी म्हटली जाई. कार्ट्रिज आत जाताना घर्षण जवळपास नसे आणि ते खाली दाबले की ७२ पिना त्याच्या पट्ट्यांवर टेकत. कल्पना चांगली, पण व्यवहार वेगळा निघाला. दर वेळी त्या पिना वाकत आणि पुन्हा उभ्या राहत. हजारदा वाकल्यावर त्यांची उभारी गेली. शिवाय वरून घट्ट बसणारे कार्ट्रिज आपल्या पट्ट्या घासून स्वच्छ करते. इथे ती घासणीच नव्हती. पट्ट्यांवर काजळी धरू लागली आणि पिना त्यांना निसटता स्पर्श करू लागल्या.

१५/
एवढ्यावर भागले असते, तर पडद्यावर थोडा गोंधळ दिसला असता आणि पुन्हा नीट बसवल्यावर तो गेला असता. पण अटारीच्या उघड्या दाराचा धडा निन्टेन्डोने मनावर घेतला होता. अमेरिकन यंत्रात एक छोटी चिप बसवली गेली, ‘टेन-एनईएस’ या नावाची. तिची जुळी बहीण प्रत्येक अधिकृत कार्ट्रिजमध्ये असे. एक कुलूप, दुसरी किल्ली. यंत्र चालू झाले की दोघी एकच गणित सोडवू लागत आणि उत्तरे एकमेकींना कळवत राहत. उत्तर चुकले किंवा आलेच नाही, की कुलपाची चिप मुख्य प्रोसेसरला पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. एकदाच नव्हे, सेकंदाला साधारण एकदा, थांबल्याशिवाय.

१६/
तो लुकलुकणारा लाल दिवा म्हणजे हेच. ७२ पैकी चार जोडण्या या संवादासाठी होत्या. त्यांतली एक जरी निसटली, तरी बाकी ६८ ठीक असून उपयोग नाही. कुलपाला वाटे, समोर परवाना नसलेले कार्ट्रिज आहे. पैसे मोजून अधिकृत खेळ विकत घेतलेल्या मुलाला यंत्र चोर समजत होते, आणि त्या मुलाला वाटत होते की कार्ट्रिजवर धूळ बसली आहे.

१७/
मग फुंकर लागू का पडत असे? खरे तर फुंकरेने फारसे काही होत नव्हते. ती मारण्यासाठी कार्ट्रिज काढावे लागे आणि पुन्हा घालावे लागे. या काढघालीत पिना वेगळ्या जागी टेकत आणि कधीतरी चारही जोडण्या जुळत. श्वासातील ओलाव्याने संपर्क क्षणभर सुधारत असावा, असेही एक स्पष्टीकरण दिले जाते. तसे असेल, तर तोच ओलावा पुढे धातूवर गंज चढवण्यास हातभार लावी. श्रेय मात्र फुंकरेला गेले. उपाय आणि परिणाम पाठोपाठ आले की माणूस त्यांत कार्यकारणभाव पाहतो. भगताच्या अंगाऱ्याने ताप उतरतो, त्यातलाच हा प्रकार.

१८/
निन्टेन्डोने फुंकर मारू नये असे बजावले आणि १९८९ साली स्वतःचा सफाई संच विकायला काढला. कार्ट्रिजच्या पाठीवर बेन्झीन, थिनर किंवा अल्कोहोल वापरू नये, असेही छापलेले असे. आजचे संग्राहक नेमके आयसोप्रोपिल अल्कोहोलच वापरतात.

१९/
कुलपाचे दुसरे काम सुमार खेळ रोखण्यापलीकडचे होते. किल्ली फक्त निन्टेन्डोकडे असल्याने प्रत्येक कंपनीला परवाना घ्यावा लागे, वर्षाला साधारण पाचच खेळ काढता येत आणि कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यावी लागत. हे जोखड झुगारण्यासाठी काहींनी कुलपाच्या चिपला विजेचा झटका देऊन बधिर करणारी कार्ट्रिज काढली. अटारी गेम्सने तर अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाकडून त्या चिपचा प्रोग्रामच मिळवला, तोही न्यायालयीन वादासाठी हवा आहे असे खोटे सांगून. त्यावरून बनवलेल्या किल्लीला ‘रॅबिट’ म्हणत. १९९२ साली अपील न्यायालयाने निन्टेन्डोच्या बाजूने कौल कायम ठेवला. ज्या नावाची कंपनी कधीकाळी उघड्या दारामुळे बुडाली, त्याच नावाच्या कंपनीने नंतर कुलूप फोडावे, हा इतिहासाचा विनोद म्हणायला हवा.

२०/
आशियात चित्र निराळे होते. जपानी फॅमिकॉमला कुलूप नव्हते, म्हणून तैवान, हाँगकाँग आणि चीनमध्ये त्याच्या नकला सर्रास बनू लागल्या. रशियात ‘डेंडी’, चीनमध्ये ‘सुबोर’, आणि भारतात नाना नावांची खोकी. तैवानच्या यूएमसी कंपनीने तर पॅल टीव्हीच्या ५० अर्धचित्रांवर जपानी खेळ योग्य वेगाने चालावेत, अशी खास चिप बनवली. अमेरिकेहून आणलेल्या यंत्राला जे जमत नव्हते, ते या नकलांना जमले.

२१/
नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांपर्यंत ही यंत्रे पोहोचली. मराठी घरांत कार्ट्रिजला ‘कॅसेट’च म्हटले गेले. पिवळ्या कॅसेटीवर ‘९९९ इन १’ असे छापलेले असे आणि प्रत्यक्षात त्यात मोजके खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा भरलेले असत. अँटेनाची वायर काढायची, गेमची लावायची, टीव्हीच्या झाकणाआडची चाके फिरवत मुंग्यांमधून चित्र शोधायचे, आणि बातम्यांची वेळ होण्याआधी सगळे पूर्ववत करायचे. घरात टीव्ही एकच असे. वायर नीट परत लागली नाही, तर गेम कपाटावर जाई.

२२/
कॅसेट चालली नाही, की इथेही फुंकर मारली जाई. पण या यंत्रांत कुलूपच नव्हते. त्यामुळे दिवा कधी लुकलुकत नसे. तो शांतपणे जळत राही आणि पडद्यावर एकरंगी पट्टा किंवा अक्षर-चिन्हांचा सडा दिसे. म्हणजे लक्षण वेगळे, कारण निम्मेच सारखे, आणि उपाय मात्र न्यू जर्सीत आणि नाशकात अगदी तोच. दोन्हीकडे तो मुलांनी आपापला शोधून काढला होता.

२३/
१९९३ साली निन्टेन्डोने अमेरिकेत या यंत्राची सुधारित आवृत्ती काढली. कार्ट्रिज पुन्हा वरून बसू लागले आणि कुलपाची चिप गाळली गेली. लुकलुकणे संपले. पण काटकसरीत पिवळ्या-लाल तारांची थेट जोडणीही काढून टाकली गेली आणि ग्राहक पुन्हा चॅनल ३ आणि ४ वर आला. २००९च्या जूनमध्ये अमेरिकेत मोठ्या केंद्रांचे जुने ॲनालॉग प्रक्षेपण बंद झाले. 

२४/
जुन्या राखाडी यंत्रांवर आज एक शस्त्रक्रिया केली जाते. कुलूप आणि किल्ली या दोन्ही चिपा मुळात सारख्याच आहेत. आपण कोण, हे चिपला तिच्या चौथ्या पायावरील विजेवरून कळते. यंत्रातील चिपचा तो पाय कापून जमिनीच्या तारेला जोडला, की ती स्वतःला किल्ली समजू लागते आणि प्रोसेसरला अडवण्याचे सोडून देते. मग दिवा लुकलुकत नाही. पिना खरोखर झिजल्या असतील, तर पडद्यावर नाशकातल्या त्या खोक्यासारखाच चिन्हांचा सडा दिसतो, आणि नवे ७२ पिनांचे सॉकेट मागवावे लागते.